सही झाली, पण कळले का?

प्राथमिक शाळेचे प्रगतिपुस्तक वर्षातून दोनदा घरी जाते आणि पालकाची सही किंवा अंगठा घेऊन परत शाळेत येते. दप्तराच्या लेखी तेवढ्याने पालकांना कळवण्याचे काम पुरे होते. आतल्या पानांवर विषयांपुढे अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. शेजारी ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा रकान्यांत वर्णनात्मक नोंदी असतात. राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, ते मार्कांची दहशत कमी व्हावी आणि प्रत्येक मुलाविषयी चार नेमके शब्द लिहिले जावेत म्हणून. हेतू चांगलाच होता. पण अख्ख्या वर्गाच्या नोंदी एका बैठकीत उतरवायच्या म्हटल्यावर त्या कुठून येतात, हे शाळेच्या जगात कोणापासून लपलेले नाही. तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानात मिळतात आणि त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरतात. मग ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ हे एकच वाक्य दहा घरी जाते आणि दहाही घरांना त्यातून काही कळत नाही. तिसरीतला मुलगा ‘कावळा’ वाचतो, पण ‘खुर्ची’पाशी अडतो, असे लिहिले असते तर निदान एखादी मोठी बहीण ‘खुर्ची’ हा शब्द घेऊन त्याच्यासोबत बसली असती.

पालकांना माहिती देणे हा शाळेचा चांगुलपणा आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते कायद्याने नेमून दिलेले काम आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. वेळेवर शाळेत येणे, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखणे यांच्याच ओळीत तिथे आणखी एक कर्तव्य आहे: पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणे. शिकवणे आणि सांगणे ही दोन्ही कामे कायद्याने एकाच कलमात, एकाच माणसावर टाकली आहेत. आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक कलम २१ची, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला पाठ असते, कारण त्याची तपासणी होते. आईला तिच्या मुलाबद्दल काय सांगितले, हे मात्र कोणी तपासत नाही. तपासायचेच झाले, तर पुन्हा सह्यांचा कागद पुढे येतो.

या कागदाची मर्यादा जिथे सर्वांत उघडी पडते, अशा भागांपैकी एक म्हणजे पालघर जिल्ह्याचे उत्तर टोक. तलासरी तालुक्यात दहातले नऊ लोक अनुसूचित जमातींचे, तर डहाणूत साधारण सात. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी अशा समाजांच्या या पाड्यांत आजही अनेक मुले घरातली शाळेत जाणारी पहिली किंवा दुसरी पिढी आहेत. घरात वारली किंवा दुसरी बोली, पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी आणि सीमेलगत गुजरातीचा वावर. आई-बाप चिकूच्या वाडीत, फुग्यांच्या कारखान्यात, उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत किंवा मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून कामाला. दिवाळी झाली की काही कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. डहाणूजवळच्या मसोलीसारख्या, शहराच्या सावलीतल्या वस्तीत रस्ता, बाजार आणि मोबाइलचे नेटवर्क हाताशी असते. आत पाड्यावर तेही बेभरवशाचे. अशा ठिकाणी ‘सकाळी अकरा वाजता पालकसभा आहे, उपस्थित राहावे’ ही चिठ्ठी घरी जाते तेव्हा ती वाचणारे कोणी नसते किंवा वाचून गेल्यास दिवसाची मजुरी बुडते. मग सभेला चार माणसे येतात आणि ‘आमच्याकडचे पालक उदासीन आहेत’ हे वाक्य तयार होते.

हे वाक्य खोटे ठरवणारा पुरावा याच डहाणू तालुक्यात सत्तर-ऐंशी वर्षांपासून पडून आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते. १९२६च्या नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत त्या होत्या आणि पालकांना बालशिक्षण समजावून सांगणारी ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी मराठीत चालवली होती. छापील शब्दाने पालकांपर्यंत पोचण्याचा त्यांच्याइतका अनुभव त्या काळात महाराष्ट्रात क्वचितच कोणाला असेल. बोर्डीत तो अनुभव पुरला नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले केंद्रात येईनात आणि त्यांच्या आई-बापांपुढे मासिक धरून उपयोग नव्हता. तेव्हा केंद्रच वस्तीत नेले गेले आणि अंगणात भरू लागले. अंगणवाडी ती हीच. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली तेव्हा हे नाव देशभर गेले. नाव गेले, पण अंगण मागेच राहिले. आजची अंगणवाडी बहुतेक ठिकाणी एक खोली असते आणि आई तिच्या दाराशी मूल सोडून निघून जाते.

१९५६-५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तिथेही हाच विचार पुढे चालला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. या प्रयोगांकडे आपण एरवी ‘मुलांना शाळेत आणण्याच्या युक्त्या’ म्हणून पाहतो. त्यांची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. अंगणात भरलेल्या वर्गात काय चालते हे कळवावे लागत नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईला गाणी ऐकू येतात, मणी ओवून मोजणारी पोरे दिसतात, आपले मूल गप्प बसले आहे की पुढे पुढे करते आहे हे दिसते. शिवाय शिकवणारी बाई आपल्या मुलाशी कशी बोलते, तेही कळते. ज्यांना कोणत्याही कचेरीत मानाने वागवले जात नव्हते, त्या लोकांसाठी ही शेवटची माहिती सर्वांत महत्त्वाची असणार.

आजच्या जिल्हा परिषद शाळेने अंगणात जावे, असे म्हणणे नाही. चार भिंती, फळा, पोषण आहाराचे स्वयंपाकघर हे सगळे मिळवायला बराच काळ गेला आहे. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. पालकाला शाळेची बातमी कळायची तर ती त्याला पाहता-ऐकता येईल अशी हवी, त्याच्याच मुलाबद्दलची हवी आणि ऐकून झाल्यावर त्याला करण्यासारखे काहीतरी तिच्यात हवे. तीनपैकी एक गोष्ट गळाली तरी सहीचा कागद उरतो.

पहिल्या गोष्टीवर लगेच शंका येते की आई निरक्षर असेल तर तिला वाचन कसे दाखवणार? उलट तिच्याइतका चांगला परीक्षक मिळणे कठीण. मूल अडखळत वाचते की सलग, हे कानाला कळते. त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. ‘प्रथम’ संस्था २००५पासून मुलांच्या वाचन-गणिताची ‘असर’ ही पाहणी करते, ती घरी जाऊन. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट छापलेली असते. मूल ते मोठ्याने वाचते आणि घरातली माणसे भोवती उभी असतात. वर्षानुवर्षे शाळेत जाणाऱ्या मुलाला साधी गोष्ट वाचता येत नाही, हे त्यांतल्या कित्येकांना त्या दोन-चार मिनिटांत पहिल्यांदा समजते. डहाणू-तलासरीत तर आईच्या हाती आणखी एक कसोटी आहे, जी बहुतेक शिक्षकांकडे नाही. मुलाने पुस्तकातली गोष्ट मराठीत वाचावी आणि मग ती आईला वारलीत सांगावी. नुसता घोकलेला मजकूर असेल तर मूल तिथेच थांबते. अर्थ कळला असेल तर गोष्टीतला कोल्हा घरच्या भाषेत बोलू लागतो. आकलनाची इतकी चोख आणि बिनखर्चाची परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नाही. जी बोली शाळेला अडचण वाटते, ती इथे पालकाची विद्या ठरते. गणितातही हेच. चिकू प्रतवारीने निवडून पेट्या भरणारी किंवा बाजारात भाजी-मासळी विकणारी बाई तोंडी हिशेबात कच्ची नसते. ‘बत्तीस रुपयांची भाजी घेतली, पन्नासची नोट दिली, किती परत येतील?’ हे ती मुलाला विचारू शकते, आणि उत्तर चुकले तर तिला शिक्षकाच्या आधी कळते.

पण नुसते कळून काय होते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यामागे पुरावा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत एक प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये मांडले. काही गावांत सभा घेऊन लोकांना शाळा समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय मुलांचे वाचन तपासण्याची सोपी रीत शिकवली आणि गावकऱ्यांनी स्वतःच गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. माहिती मिळाली, चर्चा झाली, पण शाळेत काही हलले नाही आणि मुलांचे वाचनही सुधारले नाही. फरक पडला तो तिसऱ्या गटात. तिथे गावातल्या तरुणांना वाचनवर्ग चालवायला शिकवले होते, आणि जी मुले त्या वर्गांना गेली ती वाचू लागली. माहितीचा डंका पिटणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. मला त्यातून निघणारा अर्थ असा: गावाची सरासरी ही कोणाच्याच मुलाची बातमी नसते, आणि समितीने शाळेला जाब विचारावा ही अपेक्षा मजुरी करणाऱ्या माणसासाठी फार लांबची आहे. आज संध्याकाळी घरी काय करायचे, ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

जिथे ते सांगितले गेले, तिथले निकाल वेगळे आहेत. राजस्थान आणि बिहारमध्ये ‘प्रथम’ने आयांसाठी दोन प्रकारचे काम केले. काही गावांत साक्षरतेचे वर्ग घेतले, काही गावांत दर आठवड्याला घरी जाऊन मुलासोबत करायचा एखादा साधा उपक्रम आईला दाखवला, आणि काही गावांत दोन्ही केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मुलांच्या गणितात तिन्ही ठिकाणी भर पडली. भर मोठी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ती अशा घरांत पडली, जिथल्या बहुतेक आया शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. दुसरा दाखला आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचा. २०२० मध्ये शाळा बंद असताना तिथे सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर प्रयोग झाला. काहींना आठवड्याला गणिताचा संदेश मोबाइलवर गेला, तर काहींना संदेशासोबत फोनही गेला आणि फोनवर पालकाला नि मुलाला सोबत घेऊन एखादे उदाहरण सोडवले गेले. नुसत्या संदेशाचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, फोनचा स्पष्ट दिसला.

आपल्याकडे तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यास धाडला जात होता. शाळा उघडल्या, तरी ते ग्रुप राहिले. आता पालकांना कळवणे म्हणजे ग्रुपवर टाकणे, असेच समीकरण झाले आहे. वृक्षारोपण, बालसभा, आनंददायी शनिवार, सगळ्यांचे फोटो येतात. त्या फोटोंतून उपक्रम झाला एवढे सिद्ध होते. फोटोचा खरा प्रेक्षक बऱ्याचदा वरचा अधिकारी असतो आणि पालक हा जाता जाता पाहणारा. शिवाय घरात एकच चांगला फोन असला तर तो सकाळी वडिलांच्या खिशात वापीला गेलेला असतो. तरीही हे साधन टाकून द्यावे असे नाही. दोन ओळींच्या लिखित संदेशाऐवजी शिक्षकाने अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश त्या एका घरी पाठवला, तर तो निरक्षर आजीलाही कळतो आणि रात्री फोन घरी आल्यावर पुन्हा ऐकता येतो. ‘बाय, पोरगी आता ओळ वाचते, जोडाक्षराला अडते. जेवणाआधी तिला रोज एक गोष्ट मोठ्याने वाचायला लावा नि मग तुमच्या बोलीत सांगायला सांगा.’ बस्स, इतकेच. शिक्षकाला वारलीची चार वाक्ये येत असतील तर दुधात साखर.

‘हे सगळे आम्ही कधी करायचे?’ हा शिक्षकांचा प्रश्न खोटा नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात, म्हणजे चार-पाच इयत्ता दोघांत. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मतदार यादीचे काम. या ओझ्याविरुद्धची त्यांची तक्रार रास्त आहे आणि ती कमी व्हायलाच हवी. पण वेळ खाणारे बहुतेक कळवणे वरच्या दिशेचे आहे, पालकांच्या दिशेचे नाही. तीस मुलांच्या वर्गात रोज फक्त दोन घरांशी बोलायचे ठरवले, तर पंधरा शालेय दिवसांत वर्ग पुरा होतो. दर बोलणे तीन-चार मिनिटांचे. शिक्षकाला त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागत नाही, कारण पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण’ अभियानाच्या नोंदींसाठी कोणते मूल कोणत्या पातळीवर आहे हे त्याने टिपलेलेच असते. ती वही अधिकाऱ्यापुढे उघडते तशी आईपुढे उघडायची आहे. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीसाठी ‘पहिले पाऊल’ मेळावे झाले आणि पाड्यापाड्यावर माता गट तयार झाले. जिथे ते गट अजून जिवंत आहेत, तिथे शिक्षकाला एकेकट्या घराचा दरवाजा ठोठावण्याचीही गरज नाही.

आणखी एक भीती शिक्षक खासगीत बोलून दाखवतात: मूल मागे आहे असे सांगितले की घरी त्याला मार बसतो. बसतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण मार कशाने बसतो, ते पाहिले पाहिजे. ‘तुमचा मुलगा कच्चा आहे’ या वाक्यात बापाला करण्यासारखे दुसरे काही उरतच नाही. ‘हातच्याची वजाबाकी चुकते, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून त्याला दाखवा’ या वाक्यात हाताला काम मिळते. श्रेणी आणि क्रमांक माणसाला निवाडा करायला लावतात. नेमकी अडचण सांगितली की तो मदतीला बसण्याची शक्यता तरी निर्माण होते. चांगली बातमीही तेवढीच नेमकी हवी. ‘छान प्रगती’पेक्षा ‘महिन्यापूर्वी शब्द वाचत होती, आता परिच्छेद वाचते’ हे ऐकल्यावर आईला कळते की शाळेत जाण्याने काहीतरी होते आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मुलीला घरी ठेवायचे की शाळेत पाठवायचे, हा हिशेब करताना ते वाक्य कामाला येते.

वेळेचा प्रश्न मात्र घड्याळापेक्षा पंचांगाचा आहे, आणि तो शाळेच्या नियोजनात अजून नीट उतरलेला नाही. जूनमध्ये शाळा उघडते, पाठोपाठ आवणी सुरू होते. तेव्हा बोलावलेली सभा रिकामीच राहणार. ऑक्टोबरमध्ये कापणी, मग दिवाळी, मग स्थलांतर. पहिल्या सत्राचे प्रगतिपुस्तक नेमके दिवाळीच्या तोंडावर तयार होते, म्हणजे ज्या घरांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांचे बिऱ्हाड तोवर बांधून झालेले असते. आवणी आटोपल्यापासून कापणीला हात लागेपर्यंतचे आठवडे हा या भागातला सर्वांत मोकळा काळ. पहिली सविस्तर गाठ तेव्हा पाड्यावर, दिवेलागणीच्या वेळी पडायला हवी. जी कुटुंबे भट्टीवर निघणार, त्यांच्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. मूल कोणत्या पातळीवर आहे हे त्यात लिहिलेले असते, म्हणजे जाईल तिथल्या शाळेने त्याला दाखल करून तिथून पुढे शिकवावे. हे पत्रक नुसते हातात ठेवले तर ते कपड्यांच्या गाठोड्यात तळाशी जाते. त्यात काय लिहिले आहे आणि ते कोणाला दाखवायचे, हे मुलाकडून वाचून घेत आई-बापांना सांगितले तर नव्या गावी ते बाहेर निघण्याची शक्यता वाढते. आश्रमशाळांची गोष्ट आणखी अवघड. तिथे आई-बाप मुलाला सुटीला नेताना आणि परत सोडताना तेवढे येतात, आणि त्या दोन्ही दिवशी त्यांच्याशी बोलतो तो अधीक्षक, तेही सामान आणि हजेरीच्या वहीपुरते. वर्गशिक्षकाने त्याच दिवशी ओट्यावर बसून, मूल समोर ठेवून, दहा मिनिटे द्यायची ठरवली तर वर्षात किमान चार वेळा गाठ पडते. आजच्या प्रगतिपुस्तकाच्या दोन सह्यांच्या ती दुप्पट आहे.